हौसाबाईचं कोरडं भजन

धनज गावात कोणाकडे बारसं असो, तेरवी असो की घरभरणी, भजनाला हौसाबाई पाहिजेच. आवाज काही फार गोड नव्हता तिचा. वरच्या पट्टीत गेला की थोडा फाटायचा. पण गायला लागली की ती डोळे मिटून घ्यायची, आणि थोड्याच वेळात त्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी झरायला लागायचं. खरं सांगायचं तर बाया ते पाणी पाहायलाच यायच्या. "हौसाबाईले देव दिसते," असं गावात सगळेच म्हणत. कोणाचं लेकरू तापानं फणफणलं, कोणाची सून रुसून माहेरी गेली, की ती बाई हौसाबाईच्या ओट्यावर येऊन बसे. "मावशी, तुह्या देवाले सांगजो बरं माह्यं," एवढं म्हणून आणि अर्धा कप चहा पिऊन मोकळी होऊन जाई.

हौसाबाई माळ्याची. ती आणि तिचा नवरा नथ्थूजी विहिरीखालच्या तुकड्यात मेथी, पालक, वांगी लावत, आणि बांधाबांधानं सांबार, म्हणजे कोथिंबीर. मुलगा अंकुर पाणी आणि फवारणीचं बघे, सून उज्ज्वला जुड्या बांधे. बाजाराच्या दिवशी सकाळच्या काळीपिवळी जीपमध्ये टोपल्या चढवून हौसाबाई कारंज्याला जाई. घर खाऊनपिऊन सुखी होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं तिचं जे झालं त्याला बाहेरून काही कारण दिसत नव्हतं. घरात कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, कोणी कोणाला टाकून बोललं नव्हतं.

झालं एवढंच, की दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला. साधाच ताप. थोडे दिवस अंथरुणात काढून ती उठली. भूक परत आली, पायात बळ परत आलं, एक गोष्ट तेवढी परत आली नाही. बरी झाल्यावरच्या पहिल्या एकादशीला ती देवळात भजनाला बसली, नेहमीसारखे डोळे मिटले, आणि आत नुसता अंधार होता. कोणीही डोळे मिटले की दिसतो तसा साधा अंधार. तोंडानं ती विठ्ठलाचं नाव घेत होती, पण वांगी म्हणावं, पालक म्हणावं, तसंच ते नाव तोंडातून निघत होतं. आत काही हलत नव्हतं.

अशक्तपणा असेल, असं तिनं धरलं. पण अशक्तपणा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा आला, तरी आतली जागा तशीच. भजन काही सुटलं नाही. कसं सुटणार? सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघणार. एका तेरवीला गाताना तिला बायांच्या नजरा जाणवल्या. सगळ्या वाट बघत होत्या. तेव्हा तिनं पदर उचलून कोरडे ठणठणीत डोळे पुसले. बायांना वाटलं, आलं पाणी. त्या दिवशी घरी आल्यावर ती न जेवताच झोपली.

मग तिनं उपाय सुरू केले. उपास धरले. मारुतीला अनवाणी फेऱ्या घातल्या. मानोऱ्याकडं देवीला जाऊन नारळ फोडून आली. देवळात सप्ताह बसला तेव्हा बाहेरगावचे एक बुवा आले होते. सगळे जेवायला उठल्यावर तिनं त्यांना हळूच विचारलं. बुवांनी अर्धंच ऐकलं आणि म्हणाले, "काहीतरी पाप घडलं असल बाई. आठवून पाह. देव उगाच तोंड नाही फिरवत कोणापासून."

ते वाक्य घेऊन ती घरी आली आणि आपली पापं शोधायला लागली. नणंदेशी लुगड्यावरून झालेलं भांडण आठवलं. सासूला एकदा दिलेलं उलट उत्तर आठवलं. शेजारणीची बकरी मेथीच्या वाफ्यात शिरली होती तेव्हा बकरीला आणि बकरीच्या मालकिणीला घातलेल्या शिव्या आठवल्या. ती खरंच शेजारणीकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, त्या बकरीचं माफ करजो मले."

शेजारीण गोंधळली. "कोणती बकरी व? आमच्याकडं बकरी होती काय?"

बकरी कोणाला आठवत नव्हती, पण हौसाबाईच्या मनातलं ओझं काही हललं नाही. तिनं कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही. गावभर जिच्याकडे देवाची शिफारस मागतात, तिनं कोणाकडे जाऊन सांगायचं, की माझ्याकडे आता देवच नाही?

कारंज्याच्या भाजीबाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. तिथं रीताबाई नावाची एक म्हातारी नेमानं मेथी घ्यायला येई. रीताबाई ख्रिस्ती. मिशनच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून सगळं आयुष्य काढलेलं, लग्न केलेलं नाही, आता कारंज्यात एकटीच राहायची. सगळा बाजार तिला सिस्टर म्हणे. घासाघीस करायची नाही, पण जुडी उलटीपालटी करून पिवळं पान मात्र शोधून काढायची.

एके दिवशी तिनं जुडी पिशवीत टाकली आणि तिथंच उभी राहिली.

"हौसाबाई, एक विचारू काय?"

"विचारा ना सिस्टर."

"तू आधी जुड्या मांडता मांडता गुणगुणत राहायचीस. मी तं तुह्या आवाजावरच इकडं वळायची. लई दिवस झाले, ऐकलं नाही. घसा बसला काय?"

हौसाबाई 'हो' म्हणून मोकळी झाली असती. पण समोरची बाई तिच्या गावची नव्हती, तिच्या जातीची नव्हती, तिच्या देवाचीसुद्धा नव्हती. हिच्यापुढं काय लाज? तिच्या तोंडून निघून गेलं, "घसा नाही बसला सिस्टर. माह्या आतला देव निघून गेला."

आणि मग सगळंच निघालं. ताप, अंधार, कोरडे डोळे पुसणं, बुवा, बकरी. मधे दोन गिऱ्हाईकं आली आणि कोणी बघत नाही म्हणून निघून गेली.

रीताबाईनं 'अरेरे' म्हटलं नाही, की उपदेश केला नाही. शेजारचं भाजीचं क्रेट उलटं करून ती त्यावर बसली. "मलेही झालं होतं हे," ती म्हणाली. "चर्चमध्ये बसायची, ओठ हलायचे, आत काही नाही. वार्डातल्या पेशंटसाठी प्रार्थना करायची तं भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. अन् तेच पेशंट मले म्हणायचे, सिस्टर, तुमच्या प्रार्थनेनं बरं वाटलं. तवा तं जमिनीत गडप व्हावं असं वाटे."

हौसाबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "मंग? वापस आला देव?"

रीताबाईनं पिशवी मांडीवर घेतली. "ते मले अजूनही सांगता येत नाही. पण भीती गेली. एका पुस्तकानं गेली. पुढच्या बजारी आणतो."

पुढच्या बाजाराला तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक पातळसं पुस्तक आणलं. कव्हर कधीचं गळून गेलेलं, सुरुवातीची पानंही नव्हती. मागच्या पुठ्ठ्यावर तेवढा एक लहानसा क्रूस. हौसाबाईनं हात पुढं केला आणि परत घेतला.

"सिस्टर, रागावू नका. मले बाटवाचा तं इचार नाही ना?"

रीताबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. "या वयात तुले बाटवून मी काय करू व? आवडलं तं वाच, नाही तं तसंच वापस दे." मग तिनं थोडक्यात सांगितलं. फार जुन्या काळी, दूर थंड मुलखात, मठात राहणारी एक जोगीण होती. मठातल्या सगळ्यांचे कपडे धुणं हे तिचं काम. देवाबद्दल तिच्या मनात येई ते ती लिहून ठेवी, पण आपलं नाव तिनं कुठं घातलं नाही. पुढं कोणीतरी ते मराठीत आणलं, आणि दवाखान्यातल्या एका जुन्या जोगिणीनं, तिथल्या मदरनं, ते रीताबाईला दिलं.

हौसाबाईला वाचता येई, पण बोट ठेवून, अडखळत. म्हणून दुपारी आंब्याखाली जुड्या बांधायला बसल्या तेव्हा तिनं उज्ज्वलाला सांगितलं, "तू वाच, मी बांधतो." पहिली पानं दोघींनाही नीट कळली नाहीत. मठाचे नियम, कुठल्याशा सणांची नावं. उज्ज्वलाला जांभया यायला लागल्या. मग एक पान आलं.

"'आज मोठ्या चादरी धुतल्या,'" उज्ज्वला वाचत होती. "'पाणी इतके गार होते की हात बधिर झाले. प्रभूची आठवण केली, पण मनात काहीच हलले नाही. पूर्वी त्याच्या नावाने डोळे भरून येत. आता नाव हे नुसते नाव आहे. ओली चादर मी दोरीवर टाकली आणि आत निघून गेले. ती वाळेपर्यंत तिच्याखाली उभी राहा, असे मला कोणी सांगितलेले नाही. प्रार्थनाही मी तशीच दोरीवर टाकते. वाळवणे हे माझे काम नव्हे.'"

हौसाबाईच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"वापस वाच बरं."

उज्ज्वलानं परत वाचलं.

"हे तिनं कोणतं पाप केल्यावर लिहिलं? पाह बरं, असल तिथंच."

उज्ज्वलानं पान उलटलं, बोट फिरवत खाली आली. "आहे आई, पापाचंही आहे. ऐका. 'मठातल्या बहिणी म्हणतात, तुझ्या हातून पाप घडले असेल, म्हणून गोडी गेली. मी शोधले. पुष्कळ पापे सापडली. परंतु गोडी होती तेव्हाही ती सगळी होतीच.'"

मनातल्या मनात हौसाबाईनं हिशोब जुळवला, आणि एकदम मांडीवर हात मारला. "खरं आहे व! बकरीले शिव्या देल्ल्या त्याच साली तं गुरुपौर्णिमेच्या भजनात मले रडू आवरत नव्हतं! पाप तवाही होतंच की माह्यं!"

"कोणती बकरी?" उज्ज्वलानं विचारलं.

"राहू दे. वाच तू पुढं."

पुढचं वाचताना उज्ज्वलाच फसकन हसली. त्या जोगिणीनं लिहिलं होतं, की इतर बहिणी तिला विचारतात, तुला प्रार्थनेत प्रभू भेटतो का, आणि ती सांगते, मला साबण भेटतो. दोघी सासूसुना हसायला लागल्या. मोटर बंद करायला आलेला अंकुर लांबूनच ओरडला, "काय झालं?" आपली आई किती महिन्यांनी अशी हसली, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं.

त्यानंतर रोज थोडं थोडं वाचन चाले. एका दुपारी एवढंसंच वाक्य आलं. "'पाठुंगळी घेतलेल्या लेकराला आईचे तोंड दिसत नाही. ते घाबरून रडते, आई कुठे गेली म्हणते. आणि चालत तर आईच असते.'" हौसाबाईला अंकुरचं लहानपण आठवलं. त्याला पाठीवर बांधून ती वाफे निंदायची, आणि तो पाठीवरूनच 'माय, माय' करत भोकाड पसरायचा. ती म्हणायची, अरे मीच तं आहो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते देवाच्या नावानं आलेलं पाणी नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. छातीवरचा दगड बाजूला झाला, की माणसाला श्वास घेतानाही रडू येतं, तसं ते होतं. तिनं ते पुसलंही नाही.

पण गाव म्हटलं की डोळे असतातच. भजनी मंडळात टाळ आणि पेटीची सगळी व्यवस्था वर्षाराणी बघायची. तरणीताठी, चपळ, तोंडानं फटकळ बाई. ती एक दिवस सांबार घ्यायला आली आणि तिला खाटेवरचं पुस्तक दिसलं, मागचा क्रूसही दिसला. सांबार घेऊन ती गेली, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर गोष्ट पोचली होती, की हौसाबाई ख्रिस्ती होणार. नथ्थूजी घरी आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"लोक काय बोलून राह्यले, माहीत आहे काय तुले? ते पुस्तक देऊन टाक."

"देतो," हौसाबाई शांतपणे म्हणाली. "वाचून झालं की देतो."

पुढच्या एकादशीला देवळात नेहमीपेक्षा जास्त बाया होत्या. वर्षाराणीनं टाळ वाटले नाहीत. ते मांडीवर घेऊन ती सरळ म्हणाली, "मावशी, आधी एक सांग. तू देव बदलला काय?"

बाकीच्या खाली बघायला लागल्या. हौसाबाईनं ठरवून काही आणलं नव्हतं.

"देव नाही बदलला. पण आज खरं सांगतो. मले बिमारीपासून भजनात काहीच वाटत नाही. आत नुसता अंधार. मी कोरडे डोळे पुसून तुमाले फसवत होतो. मले वाटे, मी पापी आहो, देवानं मले टाकलं. मंग कारंज्याच्या सिस्टरनं हे पुस्तक देल्लं. ते लिहिणारी बाई माह्यासारखीच, तिलेही काही वाटत नव्हतं. तरी ती नाव घेत राह्यली, कपडे धुत राह्यली, अन् भ्याली नाही. म्हणून माह्याही मनातलं भेव गेलं. एवढंच झालं. आता तुमाले दुसरी गाणारी पाहाची असल तं पाहा."

दाराशी रुपाबाई बसली होती. गावालगतच्या बंजारा वस्तीतली, तांड्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई, एकही भजन न चुकवणारी. तिनं कानामागं हात धरून शेजारणीला विचारलं, "काय म्हणते हौसा?" शेजारणीनं तिच्या कानात ओरडून सांगितलं, "तिले भजनात काही वाटत नाही म्हणते!"

"मले कुठं वाटते?" रुपाबाई मोठ्यांदा म्हणाली. "मले तं भजन ऐकूच येत नाही. मी हौसाजवळ बसाले येतो."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळं देऊळ. हसण्यात सगळ्यांचीच तोंडं सुटली. एक म्हणाली, मी तर टाळ वाजवताना गॅसवर दूध ठेवलं की काय याचाच विचार करत असते. दुसरी म्हणाली, मला झोप येते. वर्षाराणी मात्र हसत नव्हती. ती हौसाबाईजवळ सरकून बसली, आणि तिचा नेहमीचा फटकळ आवाज एकदम खाली आला.

"मावशी, मी तुह्या डोळ्यातलं पाणी पाहून घरी जाऊन रडत होतो. मले वाटे, मावशीले देव भेटते, मले काहून नाही? माह्यातच काही खोट असल. नवऱ्यालेही सांगितलं नाही कधी."

हौसाबाईनं तिचा हात धरला. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यानं कोणाला असं काही होत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. "खोट नाही व तुह्यात," ती म्हणाली. "आण इकडं टाळ."

त्या दिवशीचं भजन काही फार जमलं नाही. हसून हसून ताल सुटत होता, आणि वर्षाराणीनं पेटीची पट्टी दोनदा चुकवली. हौसाबाईनं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी ती एकेकीच्या तोंडाकडे बघत गायली. आत काही उजेड पडला नाही, आणि पडला की नाही हे बघायचं तिला सुचलंही नाही.

पुस्तक संपल्यावर तिनं ते नीट पिशवीत घालून रीताबाईला परत दिलं, वर मेथीची एक जुडी ठेवून. तिला वाटलं होतं, सिस्टर म्हणेल, ठेव तुझ्याकडेच. पण रीताबाईनं ते लगेच आपल्या पिशवीत सरकवलं. "मले अजून लागते हे," ती म्हणाली, "मधूनमधून." आणि त्या दिवशी तिनं पिवळं पान शोधलं नाही. दोघी क्रेटवर बसून बराच वेळ बोलत राहिल्या, आणि बोलणं देवाचं कमी, गुडघेदुखीचंच जास्त होतं.

वर्षाराणीनं गावात ज्याला त्याला सांगून टाकलं की मावशी कुठं बाटली नाही, आणि ज्यानं असं म्हटलं तो मूर्ख. आपणच ते आधी म्हटलं होतं, हे तेवढं तिनं सांगायचं गाळलं.

एका सकाळी हौसाबाई आणि नथ्थूजी वांगी तोडत होते. पलीकडच्या ओळीतून नथ्थूजी मधेच म्हणाले, "अंकुरची माय, एवढे दिवस तुले असं होत होतं, मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी काय म्हटलं असतं?"

नथ्थूजींनी एक वांगं तोडलं, कीड आहे का पाहिलं, टोपल्यात टाकलं. "डॉक्टरले दाखव म्हटलं असतं."

"मंग!"

"मंग काय? एखाद्यावेळी डॉक्टरनंही पुस्तकच देल्लं असतं."

हौसाबाई कंबरेवर हात ठेवून हसली. ऊन अजून तापलं नव्हतं. अर्धी ओळ तोडायची बाकी होती, आणि बांधावरून उज्ज्वला चहाची किटली घेऊन येताना दिसत होती.